ऑक्टेव्हिया आरएसचा सेल्फ बदलायचाय: कोणता घ्यावा, कसा बसवावा?

मांजराकाठ (लातूर) · ११ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २० व्हॉल्व्ह, पाच गिअर मॅन्युअल. १ लाख ८७ हजार किलोमीटर झालेत. ही गाडी संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेली त्या काळात माझे मामा तिथंच कामाला होते, म्हणून घरात तिला गाडी म्हणून कुणी बघत नाही. विकायचा विषय काढू नका, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

परवा लातूरहून संभाजीनगरला निघालो. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई सगळं नीट. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि चहाला थांबलो. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर नुसता एक ‘टक’. डॅशबोर्डचे दिवे तसेच, हॉर्न खणखणीत. पुन्हा चावी, पुन्हा एकच ‘टक’. उन्हाचा पारा ४२ च्या पुढं असेल. पाऊण तास लिंबाखाली बसलो, मग गाडी पहिल्या चावीला चालू झाली. घरी आल्यापासून बघायलो: सकाळी थंड गाडी चालू होते, पण सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) जड फिरतो, घुर्रर्र करत. गरम असली की ‘टक’.

बॅटरी फेब्रुवारीतच नवी टाकलीय. इथल्या मिस्त्रीनं खाली घुसून सेल्फवर हातोड्याच्या दांड्यानं दोन ठोके दिले, गाडी चालू झाली, आणि ‘सेल्फ गेला’ म्हणून निकाल दिला. आता चार रस्ते सांगायलेत: जुनाच रिपेअर करणे, भंगार बाजारातून जुना आणणे, नवा घेणे, किंवा डिझेल ऑक्टेव्हियाचा ‘दुप्पट ताकदीचा’ सेल्फ बसवणे. कोणता धरू?

उदगीरकर · ११ मे, रात्री ११:१५

डोळे झाकून डिझेलचा टाका. टर्बोच्या गाडीत टर्बोच्या उष्णतेनं सेल्फ भाजून निघतो, पेट्रोलचा छोटा सेल्फ टिकतच नाही. माझ्या आतेभावाच्या गाडीत तीन वर्षांपासून आहे. चावी लावली की धाडकन.

टेस्टलॅम्प (जालना) · १२ मे, सकाळी ६:३०

दादा, काहीच घेऊ नका. आधी मोजा.

मी २२ वर्षं याच कामात आहे. माझ्याकडं ‘सेल्फ गेलाय’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत कित्येकदा सेल्फ चांगला असतो आणि केबल, अर्थिंग नाहीतर चावीचा स्विच खराब निघतो. लोक नवा सेल्फ टाकतात, आठ दिवसांनी तोच त्रास.

पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे गाडी चालू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. चावीवर घरातलं कुणीतरी बसवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर.

पहिलं, बॅटरी. दोन्ही टर्मिनलवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंट्यावर टोकं लावा. बसल्या जागी १२.६ च्या आसपास हवं. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. दुसरं, एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या (सेल्फवर बसलेला विजेचा चुंबकी स्विच) जाड केबलच्या स्टडवर, तो ३० नंबर. सेल्फ मारताना मीटर अर्ध्या व्होल्टाच्या वर जायला नको. तिसरं, आणि हे कुणीच करत नाही: एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं थेट सेल्फच्या अंगावर, उघड्या धातूवर. इथं ०.२ आलं तर छान, ०.३ पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की अर्थिंगला गंज आहे.

हे झालं थंड गाडीत. आता गाडी गरम करून ‘टक’ येईल त्या वेळी दोन रीडिंग घ्या. ५० नंबरच्या, म्हणजे चावीकडून येणाऱ्या, बारीक वायरवर चावी फिरवल्यावर किती येतं, आणि सोलेनॉइडमधून मोटरच्या आत जाणाऱ्या आखूड जाड वायरच्या स्टडवर किती येतं. या दुसऱ्या आकड्यात सगळं उत्तर आहे. ३० वर १२ आणि मोटरच्या स्टडवर जवळपास शून्य, तर सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती जळलीय, करंट पलीकडं जात नाही. मोटरच्या स्टडवरही बॅटरीएवढंच आलं आणि मोटर हलली नाही, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, झिजणारे ठोकळे) टेकत नाहीत.

आणि त्या मिस्त्रीला सांगा, हातोडा ठेवून दे. जुन्या ॲम्बेसेडरच्या सेल्फमध्ये फिल्ड कॉइल असायच्या, तो ठोका सहन करायचा. तुमच्या सेल्फच्या आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात, चिनी मातीसारखे ठिसूळ. ठोक्यानं एक तुकडा निघाला की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, त्यात अडकतं आणि बरा असलेला सेल्फही मरतो.

निवृत्त मास्तर (परभणी) · १२ मे, सकाळी ९:०५

टेस्टलॅम्प यांनी फार नेमकं लिहिलंय. मी ३१ वर्षं तंत्रनिकेतनात विद्युत विषय शिकवला, थोडं कारणांबद्दल लिहितो.

उदगीरकर, या गाडीत इंजिन आडवं बसतं आणि टर्बो मागच्या बाजूला, केबिनच्या पत्र्याकडे आहे. सेल्फ पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागे. तेव्हा टर्बो थेट सेल्फला भाजतो असं म्हणता येणार नाही. पण रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा मात्र त्याच्यावरूनच जाते, आणि गाडी बंद केल्यावर वारा थांबतो तेव्हा इंजिनभोवतीचं तापमान काही वेळ उलट वाढतं. चहाला थांबल्यावर वीस मिनिटांनी त्रास झाला, पाऊण तासाने गेला, ते म्हणूनच.

तांबं एक अंश तापलं की त्याचा रोध साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे ६० अंश तापलेल्या वेटोळ्यात रोध जवळजवळ पाव पटीने जास्त. सोलेनॉइडच्या कॉइलमधून तेवढा प्रवाह कमी जाणार, त्याची ओढ कमी होणार. चकती नवी असेल तर कमी ओढीनेही ती नीट टेकते. ती जळून खड्डे पडलेले असतील तर थंडीत जेमतेम टेकेल आणि गरम झाली की टेकणार नाही. ‘टक’ ऐकू येतो, कारण प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता दांडा) सरकलेला असतो. मोटर फिरत नाही, कारण पलीकडे करंट गेलेला नसतो. माझा अंदाज इकडेच आहे, पण मोजमाप हाच निवाडा.

एक जुनी गोष्ट यानिमित्ताने सांगतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणला. त्याआधी ते कॅश रजिस्टरसाठी छोटी मोटर करत होते. इंजिन फिरवायला केवढी मोठी मोटर लागेल याची चर्चा चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की स्टार्टरला दिवसभर फिरायचं नाही, काही सेकंद फिरून थांबायचं आहे. म्हणून लहान मोटरवर थोडा वेळ जास्त भार टाकला तरी चालतं. आजचा सेल्फही त्याच तत्त्वावर उभा आहे. म्हणूनच सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावं. ही भीती घालण्याची गोष्ट नाही, ती मोटर त्या हिशेबानेच बांधलेली असते.

मांजराकाठ (लातूर) · १३ मे, रात्री ९:२०

सर, टेस्टलॅम्प दादा, तुमचे उपकार. आज संध्याकाळी मुलीला चावीवर बसवून सगळं मोजलं. आकडे जसेच्या तसे देतो.

थंड गाडी: बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४. प्लसच्या केबलमध्ये ०.३५. अर्थिंगमध्ये १.१!

गरम गाडी, ‘टक’ आल्यावर: ३० नंबरवर १२.३, ५० नंबरवर ११.४, मोटरच्या स्टडवर ०.२.

अर्थिंगचा आकडा बघून मी तीनदा मोजलं. मग बॅटरीपासून निघणारी मायनसची केबल धरत गेलो. एक टोक चेसिसला आहे, तिथं आधीच्या कुणीतरी रंगावरच नट आवळलेला. दुसरं टोक सेल्फच्याच एका बोल्टच्या स्टडवर, तिथं हिरवट-पांढरा थर. दोन्ही काढून सँडपेपरनं चकचकीत केली, परत आवळली, वरून व्हॅसलिन लावली. आता अर्थिंगमध्ये ०.१५ आणि थंड गाडीत सेल्फ असा फिरतो की गेल्या पाच वर्षांत ऐकला नव्हता.

पण गरम झाल्यावरचा ‘टक’ तसाच आहे.

टेस्टलॅम्प (जालना) · १३ मे, रात्री १०:०२

दोन आजार होते, एक बरा झाला. ५० वर ११.४ येतंय म्हणजे चावीचा स्विच आणि वायरिंग बरं. मोटरच्या स्टडवर ०.२ म्हणजे कार्बन टेकलेले आहेत, चकतीच पलीकडं करंट देत नाही. मास्तरांचा अंदाज बरोबर निघाला.

आता खरा प्रश्न: नुसता सोलेनॉइड बदलायचा का पूर्ण सेल्फ? सेल्फ काढून आणा, उघडून बघू. १ लाख ८७ हजारात कार्बन संपत आलेले असणार.

स्टॉर्मवाला (बीड) · १४ मे, सकाळी ७:४८

अर्थिंगचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्याकडं गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आहे, दोन सीटची, १,१४९ सीसीचं रेनॉचं इंजिन. बॉडी फायबरची. फायबरमधून करंट जात नाही, सगळं अर्थिंग खालच्या चेसिसच्या पाइपावर. तिथं गंज आला की सेल्फ, दिवे, पंखा सगळं एकदम आजारी. मी दोन सेल्फ बदलले तेव्हा कळलं. आता बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत एक जाड केबल वेगळी टाकलीय, ३५ स्क्वेअर एमएमची. तेव्हापासून तक्रार नाही. तुमच्या गाडीला पत्र्याची बॉडी असली तरी २० वर्षांच्या जुन्या केबलच्या आत, रबराखाली तांबं काळं पडलेलं असतं. वरून दिसत नाही. जमलं तर केबलच नवी करून घ्या.

गोदाकाठची (नांदेड) · १४ मे, दुपारी १:३०

माझं सुट्या भागांचं दुकान आहे, वडिलांनंतर मी चालवते. सेल्फ निवडण्याबद्दल लिहिते, कारण इथं लोक सगळ्यात जास्त फसतात.

‘ऑक्टेव्हियाचा सेल्फ’ असं काही नसतं. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल, डिझेल, मॅन्युअल, ऑटोमॅटिक असे प्रकार येतात, आणि सेल्फ इंजिनाच्या आधी गिअरबॉक्सप्रमाणं ठरतो, कारण तो बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या कवचावर बसतो. ऑटोमॅटिकचा सेल्फ मॅन्युअलला बसत नाही. म्हणून गाडीचं नाव सांगून मागू नका. जुन्या सेल्फच्या अंगावरचं लेबल पुसून त्याचा फोटो काढा. कंपनीचा पार्ट नंबर त्याच्या शेवटच्या अक्षरासकट जुळला पाहिजे, कारण ते अक्षर बदललं की सुधारित आवृत्ती असू शकते. मग पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या गिअरचे, दात मोजा. बोल्टच्या भोकात आटे आहेत का साधं भोक आहे, नाकाची लांबी किती, ५० नंबरचा सॉकेट कसा आहे, फिरण्याची दिशा कोणती, किलोवॅट किती. एवढं जुळलं तरच पैसे द्या.

भंगार बाजारातल्या जुन्या सेल्फबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. तो ज्या गाडीतून निघाला तिचं वयही तुमच्या गाडीएवढंच असणार. तुम्ही तुमचे झिजलेले कार्बन देऊन दुसऱ्याचे झिजलेले कार्बन आणता.

डिझेलच्या सेल्फबद्दल उदगीरकर भाऊंचा अनुभव खोटा नाही. डिझेलचं कॉम्प्रेशन १९ च्या आसपास असतं, पेट्रोल टर्बोचं त्याच्या निम्म्याएवढं. म्हणून डिझेलचा सेल्फ दोन किलोवॅटच्या जवळपास असतो आणि अशा चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचा एक-सव्वाचा. गिअरबॉक्सचं कूळ तेच असेल तर बसतो आणि जोरातही फिरवतो. पण तो जास्त करंट ओढतो, वजनानं जड असतो, आणि दादांच्या गाडीला ताकद कमी पडत नव्हतीच. १.१ व्होल्ट गंजात जात होतं. मोठा सेल्फ लावला असता तर तो गंज अजून तापला असता.

उदगीरकर · १४ मे, दुपारी २:१०

ताई, हे पटलं. आतेभावाच्या गाडीत मिस्त्रीनं सेल्फ बदलताना केबल पण नव्या टाकल्या होत्या, आज त्याला फोन करून विचारलं. म्हणजे ‘धाडकन’ कशामुळं झालं ते आम्हाला सांगता येणार नाही. मी माझा सल्ला मागं घेतो.

मांजराकाठ (लातूर) · १९ मे, रात्री ८:५०

मधे पाच दिवस गेले. घाई नडली. गोदाकाठच्या ताईंचा मेसेज वाचायच्या आधीच, १३ तारखेच्या रात्रीच मी एका ठिकाणी फोनवर ऑर्डर देऊन बसलो होतो. ‘ऑक्टेव्हिया पेट्रोल’ एवढंच सांगितलं होतं. पार्सल आलं. जुना सेल्फ काढलेला नव्हता, म्हणून मोबाइलच्या उजेडात वाकून तुलना केली: नाकाचा आकार वेगळा, बोल्टचे कान वेगळ्या कोनात. तो ऑटोमॅटिकचा निघाला. परत पाठवताना कुरिअरचा खर्च माझ्या अंगावर. ताईंचं वाक्य तेव्हा नीट कळलं.

मग जुना काढला आणि टेस्टलॅम्प दादांकडं जालन्याला घेऊन गेलो. (दादा, तुमच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीची चव विसरणार नाही.) त्यांनी माझ्यासमोर उघडला. सोलेनॉइडच्या आतली चकती एका बाजूला पार खाल्लेली, स्टडच्या डोक्यांवर काळे खड्डे. कार्बन नखाएवढे उरलेले. कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथं टेकतात त्या तांब्याच्या गोलावर, बोटाला लागेल असा चर. आतल्या प्लॅनेटरी गिअरचं ग्रीस वाळून खडूसारखं झालेलं. चुंबक मात्र शाबूत, हातोड्यातून वाचले.

दादा म्हणाले, चकती, कार्बन, बुश, ग्रीस, कम्युटेटर लेथवर, सगळं करता येतं, पण कार्बनचा सेट त्याच मापाचा मिळायला आठवडा लागेल. मला २५ तारखेला लग्नाला जायचंय. म्हणून नवा घ्यायचं ठरवलं आणि जुना त्यांच्याकडं दुरुस्तीला ठेवला. नवा ताईंच्या दुकानातून, लेबलचा फोटो पाठवून. तीन दिवसांत आला, मूळ सेल्फएवढ्याच किलोवॅटचा. पार्ट नंबर, दात, कान, सॉकेट सगळं जुळलं.

निवृत्त मास्तर (परभणी) · १९ मे, रात्री ९:३५

बसवण्याआधी बाहेर एकदा चालवून पाहा. सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट धरा, नुसता जमिनीवर ठेवू नका, तो उसळतो. जंपर केबलने मायनस अंगाला, प्लस ३० ला, आणि बारीक वायरने ३० वरून ५० ला स्पर्श. दोन-तीन सेकंदच. पिनियन बाहेर येऊन फिरला आणि सोडल्यावर परत आत गेला की झालं.

मांजराकाठ (लातूर) · २१ मे, दुपारी १२:१५

बसवला. सविस्तर लिहितो, कारण असं लिहिलेलं मला कुठं मराठीत सापडलं नाही.

मामा काल रात्रीच संभाजीनगरहून आले. उन्हाच्या आधी उरकायचं म्हणून सकाळी सहाला सुरुवात केली. रेडिओचा कोड आधी कागदावर शोधून ठेवला, कारण बॅटरी काढली की या गाडीचा रेडिओ लॉक होतो. मग बॅटरीचा मायनस, मग प्लस, मग बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर. ट्रे निघाला की वरून सेल्फचा अर्धा भाग दिसतो. गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या, मागच्या चाकांना विटा. नुसत्या जॅकवर कुणी गाडीखाली जाऊ नका. मामांनी मला गाडीखाली जाऊ देण्याआधी दोन्ही हातांनी गाडी हलवून बघितली.

इंजिनाखालचा ट्रे काढला. जुना काढताना पहिल्यांदा जे कळलं ते सांगतो: पॉवर स्टिअरिंगची नळी सेल्फच्या आड येते, तिचा क्लॅम्प खालच्या बोल्टला धरलेला असतो. तो सोडून नळी हलक्या हातानं बाजूला करायची, वाकवायची नाही. बोल्टना आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी वरचा बोल्ट हटेना. लांब एक्स्टेन्शन आणि गोटी नीट सरळ बसवून हळूहळू दाब दिल्यावर सुटला. गोटी तिरपी असताना जोर लावला असता तर बोल्टचं डोकं गोल झालं असतं.

आता एक काम जे मामांनी करायला लावलं आणि मी सोडून दिलं असतं. सेल्फच्या रिकाम्या जागेतून फ्लायव्हीलची रिंग (इंजिनाच्या जड चाकाची दातेरी कडा, सेल्फ तिलाच फिरवतो) दिसते. तिचे दात सगळीकडं सारखे झिजत नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा दोनच ठिकाणी थांबतं, म्हणून झीज समोरासमोरच्या दोन जागी होते. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, स्पार्क प्लग काढले, मामांनी एक पुढचं चाक घट्ट धरलं आणि मी दुसरं फिरवत गेलो. टॉर्चच्या उजेडात पूर्ण रिंग बघितली. दोन जागी दातांच्या कडा थोड्या गोल झाल्यात, तुटलेला एकही नाही. मामा म्हणाले, “ही अजून चालेल.” रिंग खराब असती तर नवा सेल्फ घालून उपयोग नव्हता, त्याचा पिनियनही तिनं खाल्ला असता.

मग बेल हाउसिंगची बसायची जागा पुसली, पॉलिश पेपरनं घासली. सेल्फचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच जातं, तिथं तेल-माती राहिली की पुन्हा तोच १.१ व्होल्टांचा खेळ. सेल्फ जागेवर धरून दोन्ही बोल्ट आधी हातानं, बोटांनी फिरवले. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे वाकडे गेले तर गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते. चार-पाच आटे मोकळे गेल्यावरच पाना लावला आणि शेवटी टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या मापाला.

३० नंबरच्या नटला जोर लावू नका. तो स्टड तांब्याचा असतो, आत प्लॅस्टिकमध्ये बसलेला. जास्त आवळला की स्टडच फिरतो आणि नवा सोलेनॉइड बाद. ५० चा सॉकेट ‘खट’ आवाज येईपर्यंत. रबरी टोपी परत चढवली, अर्थिंगची केबल स्टडवर. केबल नवीनच टाकली, स्टॉर्मवाल्या दादांचं ऐकून. जुनीचं रबर कापून बघितलं तर आतलं तांबं टोकापासून वीतभर काळं होतं.

प्लग बसवले. बॅटरी, प्लस, मग मायनस. नऊ वाजले होते. मामांना म्हटलं, चावी तुम्ही फिरवा. अर्ध्या सेकंदात चालू झाली. मामा काही बोलले नाहीत, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

टेस्टलॅम्प (जालना) · २१ मे, दुपारी १:००

काम चोख झालं. गरम करून बघितली का?

मांजराकाठ (लातूर) · २१ मे, सायंकाळी ७:३०

हो. दुपारी अडीचला औशापर्यंत गेलो, परत आलो, उन्हातच बंद करून वीस मिनिटं थांबलो. लागोपाठ चार वेळा हेच केलं. चारही वेळा पहिल्या चावीला.

कैरी (धाराशिव) · २२ मे, सकाळी ११:१०

पूर्ण धागा वाचला. एक शंका. रस्त्यात असं झालं तर धक्का मारून चालू करणं बरं का वाईट? आमच्याकडे येडशीच्या रस्त्यावर एकदा असाच प्रसंग आला होता.

टेस्टलॅम्प (जालना) · २२ मे, दुपारी १२:२५

ताई, मॅन्युअल गाडी असेल आणि बॅटरीत जीव असेल तर एखाद्या वेळी चालतं. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा, वेग आला की सोडा. पण दोन प्रयत्नांत झालं नाही तर थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग सेल्फपेक्षा कितीतरी महाग आहे. आणि गाडी चालू होऊन दोन सेकंदांत आपोआप बंद पडत असेल तर सेल्फला हात लावू नका, तो किल्लीच्या इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) विषय असतो. सेल्फचा दोष असला की गाडी चालूच होत नाही.

गोदाकाठची (नांदेड) · २२ मे, दुपारी ३:४०

दुरुस्त झालेला जुना सेल्फ डिकीत टाकून फिरू नका, दादा. घरी कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवा. लेबल झाकलं जाणार नाही असं. कुणाला गरज पडली तर मला कळवा, विदर्भातून या गाडीच्या सेल्फची विचारणा येते.

मांजराकाठ (लातूर) · २७ जून, रात्री ९:०५

ताई, जुना सेल्फ १० जूनला जालन्याहून आला. कार्बन, चकती, बुश नवे, कम्युटेटर लेथवर साफ. कापडात गुंडाळून कपाटात ठेवलाय, लेबल वर करून. ज्यांना लागेल त्यांनी इथंच लिहावं. किंमत दुरुस्तीला लागली तेवढीच.

गाडी लग्नाला जाऊन आली, नंतर पहिल्या पावसात अंबाजोगाईचा घाट उतरून आली. १,४०० किलोमीटर झालेत.

टेस्टलॅम्प (जालना) · २७ जून, रात्री ९:४०

अर्थिंग पुन्हा मोजलं का? पावसाळ्यात एकदा बघा.

मांजराकाठ (लातूर) · २८ जून, सकाळी ७:१५

आत्ताच मोजलं, दादा. ०.१६.